पोटाचं काहीतरी

माझ्या सासरच्या माणसांना हृदयाबद्दल फार आदर आहे. माझा मुलगा निळसर ओठ घेऊन जन्मला आणि लगेचच कळलं की त्याच्या हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त जाण्याची वाटच बंद आहे. ही बातमी सासरी कुणाला परदेशात नोकरी लागल्यासारखी फिरली. सांगणाऱ्यानं आवाज खाली आणून "हृदयाचं आहे" म्हणायचं, ऐकणाऱ्यानं छातीवर हात ठेवायचा आणि दोघांनी मिळून सुस्कारा सोडायचा. माझ्या नवऱ्याची आत्या बोरिवलीला राहते. ती फोनवर रडत म्हणाली की अशी मुलं फार मोठ्या मनाची असतात. मूल अजून धड डोळे उघडत नव्हतं, आणि हिनं त्याच्या मनाचं माप काढलं होतं.

डॉक्टरांनी त्याच्या छातीत एक नळी बसवली, बॉलपेनच्या रिफिलएवढी. शरीराकडे जाणारं थोडं रक्त तिच्यातून फुप्फुसांकडे वळवायचं, मूल मोठं होईपर्यंत त्यावर काढायचं आणि मग पुढची मोठी शस्त्रक्रिया. हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं, आणि शेवटी पेन खाली ठेवून म्हणाले, "ही नळी चालू, तर तुमचं मूल चालू." एवढं एकच वाक्य मी त्या महिन्यात पूर्ण समजून घेतलं. नळी बंद पडता कामा नये. बाकी सगळं त्याच्या खाली.

शस्त्रक्रिया झाली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. ज्या सेक्रेटरीनं आदल्या महिन्यात पार्किंगवरून माझ्या नवऱ्याची अक्कल काढली होती, त्यानंही हात जोडले. हृदयाची पुण्याईच तशी.

मग पोट फुगलं.

माझं दूध काढून नाकातल्या बारीक नळीनं त्याला थोडं थोडं द्यायला सुरुवात झाली होती. एका सकाळी गेले तर पोट ताठ, चकचकीत, त्यावर निळ्या शिरा उमटलेल्या. पोटातून नळीवाटे हिरवं पाणी येत होतं आणि लंगोटात रक्त होतं. आतड्याची एक डॉक्टरीणबाई आली. सर्जन. बुटकी, करड्या केसांची, कुणाशीही गोड न बोलणारी. तिनं मला सरळ सांगितलं. हृदय कमजोर असलं की शरीर रक्ताचं रेशनिंग करतं. मेंदूला आधी, हृदयाला आधी, आतडं रांगेत शेवटी. शेवटच्याला कधी मिळतं, कधी मिळत नाही. रक्त न मिळालेलं आतडं सडायला लागतं, त्याच्या भिंतीत जंतू शिरतात, हवा शिरते. आता दूध बंद. पोट रिकामं ठेवायचं, अँटिबायोटिक द्यायचं, अन्न शिरेतून जाईल, आणि पुन्हा पुन्हा एक्स-रे काढून बघायचं की आतडं फुटत तर नाही ना.

पेच असा होता की हृदयाच्या डॉक्टरांना रक्त पातळ हवं होतं, नाहीतर नळी गोठेल. सर्जनबाईला ते फार पातळ नको होतं, कारण आतडं फाटलं तर रक्त थांबणार नाही. एकाला शरीरात पाणी कमी हवं, दुसरीला जास्त. दोघंही बरोबर होते. काचेपलीकडे उभे राहून दोघं हलक्या आवाजात बोलत, आणि मी त्यांच्या ओठांकडे बघून निकाल काय लागतोय ते ताडायला बघे. मी दिंडोशीच्या कोर्टात स्टेनो आहे. निकालाची वाट बघणारी माणसं मी रोज बघते. त्यांचे चेहरे इतके मूर्ख का दिसतात ते मला त्या काचेसमोर कळलं.

आता सासरची गंमत. हृदयाच्या बातमीला ज्यांनी छातीवर हात ठेवले होते त्यांना आतड्याच्या बातमीला हात कुठे ठेवावा ते कळेना. फोन येत, पण विचारणं बदललं. "आणि ते… पोटाचं काहीतरी होतं ना, ते कसं आहे?" पोटाचं काहीतरी! त्या रोगाला भलंमोठं नाव आहे, मी ते नीट उच्चारायला शिकले होते, पण त्याचा उपयोग कुणाला नव्हता. हृदय हे दुखणं असतं, आतडं ही तक्रार असते. तक्रारीवर उपाय सुचवायचे असतात, तसे ते आले. बेंबीला हिंग लावा. ओव्याची पुरचुंडी शेका. एकानं तर त्याच्या घरातल्या सगळ्यांचा गॅस कसा एका गोळीनं जातो ते सांगितलं. माझ्या मुलाचं आतडं आत कुजत होतं आणि हे लोक त्याला ढेकर काढायला लावत होते. आत्याला सगळ्यात मोठा धक्का बसला तो पोराला उपाशी ठेवलंय याचा. "अगं, आई असून तू बघत बसलीस?" असं तिनं विचारलं. तिला उत्तर देण्याइतका मान मी तिला दिला नाही. फोन ठेवून दिला.

आतडं फुटलंच. पोट उघडलं, सडलेला तुकडा काढला, आणि चांगल्या आतड्याचं टोक पोटावर आणून शिवलं. नखाएवढं लाल, ओलसर मांस, त्यावर चिकटवलेली पातळ पिशवी. त्यात शी जमा होणार. पुढे मूल जरा भरलं, की ते टोक पुन्हा आत जोडायचं. तोवर असंच.

मराठीत याला आणि किळसेला एकच शब्द आहे. बाळ करतं ती शी, आणि ती बघून मोठी माणसं म्हणतात तेही शी. कुणी केलं असेल हे, देव जाणे, पण आमच्या घरी भेटायला आलेल्यांनी दोन्ही अर्थ एका दमात सिद्ध केले. दुपट्याची कड उचलायची, पोट बघायचं, "शी" म्हणायचं, लगेच सावरून "शी होते का नीट?" असं विचारायचं. सावरणं इतकं सफाईदार की टाळी द्यावीशी वाटे.

आणि ही माणसं कुठली? नाहूरची. कांजूरच्या डंपिंगवरून वारा सुटला की आमच्या अख्ख्या सोसायटीत सगळ्या मुंबईचा कचरा तरंगतो. तो वास घेत लोक बाल्कनीत चहा पितात, मुलींची लग्नं ठरवतात, फ्लॅटचे भाव वाढल्याचं एकमेकांना सांगतात. त्याला ते "आज वारा तिकडचा आहे" म्हणतात. पण एका तान्ह्या मुलाच्या पिशवीचा वास मात्र जिन्यापर्यंत येतो म्हणे. तसं शेजारीण माझ्या सासूबाईंना म्हणाली, अगदी काळजीनं, उदबत्तीचा पुडा हातात देऊन.

माझ्या सासूबाईंबद्दल आता सांगायला हवं.

त्या मालवणजवळच्या एका गावातून लग्न होऊन आल्या. सासरे गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कुठल्याशा ऑफिसात शिपाई झाले, मुलगा शिकला, मग नाहूरचा फ्लॅट. या चढणीत सासूबाईंनी एकेक करून आपले शब्द टाकून दिले. मालवणी फक्त बहिणीशी, फोनवर, दार लोटून. त्या नव्या नवरी होत्या तेव्हा भर पंगतीत कसलासा गावाकडचा शब्द त्यांच्या तोंडून गेला होता आणि हीच बोरिवलीची आत्या, तेव्हा शाळकरी पोर, पोट धरधरून हसली होती. हे मला नवऱ्यानं गंमत म्हणून सांगितलं. गंमत कुठे होती ते मला अजून सापडलेलं नाही. पण त्यानंतर सासूबाई इतक्या शुद्ध झाल्या की विचारता सोय नाही. त्यांच्या घरात कुणी संडासला जात नाही, "फ्रेश होऊन" येतं. जुलाब होत नाहीत, "पोट जरा लूज" होतं. आणि जेवताना यातलं काहीच होत नाही. पानावर बसलेल्या माणसासमोर शी-शूचं नाव काढायचं नाही, हा त्या घरातला पहिला कायदा. माझा नवरा लहानपणी एकदा जेवताना पोटात कळ आली म्हणून सांगायच्या ऐवजी घाम पुसत बसून राहिला होता, हेही मला कौतुकानं सांगण्यात आलं आहे.

मी दिवसभर साक्षी टिपते. कोर्टात बाई लाजली, पुरुष अडखळला, तरी वकील म्हणतो, नेमका कुठला शब्द वापरला ते सांगा. आणि सांगावा लागतो. त्यामुळे शब्द गिळणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात पहिल्यापासून तुच्छता आहे. सासूबाईंबद्दलही होती, आणि ती मी फारशी लपवत नव्हते.

तरी पिशवी बदलायला त्या शिकल्या हे खरं. तोंडावर पदर बांधून, श्वास रोखून, पण हात माझ्यापेक्षा हलका. नंतर लगेच आंघोळ. मी म्हटलं, आई, हात धुतले तरी पुरे. त्या म्हणाल्या की मला बरं वाटतं. बारशाचं मी विचारलं तेव्हा त्यांनी आत्याशी बोलून ठरवलं होतं की पिशवी गेल्यावर करू. पाळण्यात घालताना बायका वाकून बघतात ना. म्हणजे नाव ठेवायलासुद्धा आतडं जागेवर हवं. मी बारसंच रद्द केलं आणि दाखल्यावर नाव टाकून मोकळी झाले.

घरी सोडताना सर्जनबाईनं आम्हाला समोर बसवलं होतं. तिनं दोनदा सांगितलं, एकदा मला बघून, एकदा सासूबाईंना बघून. पिशवीत येतं ते दाट हवं. पातळ झालं, पिशवी परत परत भरायला लागली, तर थांबायचं नाही, फोन करत बसायचं नाही, उचलून आणायचं. "इतर मुलांना जुलाब म्हणजे जुलाब. याचं पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होईल, आणि रक्त घट्ट झालं की छातीतली नळी बंद." मग तिनं विचारलं, "आजी, कळलं ना?" सासूबाईंनी मान हलवली. त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होत्या.

घरी आल्यावर काही दिवसांनी मला रजा वाढवून घ्यायला कोर्टात जावं लागलं. तिथल्या बाबूनं मला ताटकळत ठेवलं, शेवटी विचारलं की मुलाला नक्की काय झालंय. मी हृदयाचं म्हटलं. आतडं म्हटलं असतं तर आणखी ताटकळले असते. सही घेऊन निघाले. रिक्षा लिंक रोडला अडकली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

सासूबाईंनी दार उघडलं. पान वाढूनच ठेवलं होतं. भात, आमटी, तळलेली बांगड्याची तुकडी. मी विचारलं, कसा होता. त्या म्हणाल्या, "छान. झोपलाय. तू आधी जेव." मी आत डोकावणार होते, पण त्यांनी भातावर आमटी घातली, आणि मी बसले. मी भराभर जेवत होते. त्या समोर उभ्या राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी पुन्हा विचारलं की पिशवी बदलली का. "हो हो, सगळं केलंय," त्या म्हणाल्या आणि मला आणखी भात वाढला.

हात धुऊन आत गेले. तो झोपला नव्हता. डोळे अर्धे उघडे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. टाळू खोल गेली होती, बोट ठेवलं तर खळगा लागला. ओठ राखाडी झाले होते. पिशवीत नुसतं पाणी होतं, तांदळाच्या धुवणासारखं, आणि ती काठोकाठ भरलेली. मी त्याला उचलला तेव्हा त्यानं रडायचं तोंड केलं आणि आवाज आला नाही.

रिक्षात मी सासूबाईंशी बोलले असते तर काय बोलले असते ते मला आजही माहीत आहे आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. मूल मांडीवर घेऊन मी मनात वाक्यं जुळवत होते. या बाईच्या सभ्यपणानं माझं मूल मेलं तर मी ते आत्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना, त्याच शब्दांत, त्यांच्या जेवणाच्या वेळी जाऊन सांगेन, असं मी ठरवत होते.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं मुलाचं कातडं चिमटीत धरून सोडलं, ते सावकाश खाली बसलं, आणि त्याचा चेहरा बदलला. छातीत नळी आहे, आतडं बाहेर आहे, मी धडाधड सांगितलं. तो सलाइनसाठी शीर शोधायला लागला आणि मान वर न करता विचारलं, "पाणी कधीपासून जातंय? किती वेळा? त्यावर किती द्यायचं ते ठरणार आहे. जास्त दिलं तर याचं हृदय झेपणार नाही."

मी म्हटलं, मी घरी नव्हते. आणि सासूबाईंकडे बघितलं.

त्यांनी आजूबाजूला बघितलं. शेजारच्या खाटेवर हाताला पट्टी बांधलेला माणूस होता, वॉर्डबॉय होता, माझा नवरा घाटकोपरच्या ऑफिसातून तेवढ्यात धावत आत शिरला होता. त्या म्हणाल्या, "जरा… लूज होतं पोट."

"म्हणजे कसं? किती वेळा?"

"जरा जास्त." मग त्या माझ्या कानाशी वाकल्या. डॉक्टर म्हणाला, "त्यांना नको, आजी, मला सांगा. पटकन."

माझ्या मुलाचं रक्त घट्ट होत होतं आणि ही बाई शब्द शोधत होती. तिच्याकडे एकही उरला नव्हता. फ्रेश, लूज, नंबर दोन, सगळे शब्द तिनं मनात उलटेपालटे करून पाहिले असावेत, तिचे ओठ हलत होते. मग तिनं डोक्यावरचा पदर सोडून दिला आणि त्या हॉलच्या पार पलीकडे जाईल अशा आवाजात बोलली.

"सकाळपासना पोर नुसता पाणी हगता हा, डाक्टर! पाणी! सात येळा पिशयी वतलंय मी, आनी दुपारपासना मुतूक नाय!"

पट्टीवाल्या माणसानं मान वळवली. डॉक्टरनं फक्त "गुड" म्हटलं, सिस्टरला आकडा सांगितला, आणि सुई शिरेत गेली.

माझा नवरा पुढे झाला आणि आईच्या दंडाला हात लावून हळूच म्हणाला, "आई, अगं लोक आहेत." इंजिनीअर आहे तो, पगार चांगला आहे, स्वभावानं वाईट नाही. पण त्या क्षणी मला तो जगातला सगळ्यात फालतू माणूस वाटला. "तू बाहेर जा," मी म्हटलं, आणि तो गेला.

मग डॉक्टरनं स्टेथोस्कोप लावला. छातीतली नळी चालू असली की तिचा सतत घोंघावल्यासारखा आवाज येतो, हे मला माहीत होतं. बंद पडली की छाती शांत होते. त्यानं एका जागी ऐकलं, मग जरा वर सरकवून ऐकलं, डोळे मिटले, पुन्हा खाली. मी त्याच्या पापण्यांकडे बघत होते.

"बारीक येतोय," तो म्हणाला. "पण चालू आहे."

सलाइन आत जात राहिलं, आणि हळूहळू ओठांचा राखाडीपणा जाऊन त्यांचा नेहमीचा निळा रंग परत आला. निळा रंग बघून कुणाला इतका आनंद झाला असेल असं मला वाटत नाही. हृदयाचे डॉक्टर आले, छातीवर मशीन फिरवून त्यांनीही तेच सांगितलं. सर्जनबाई आली, माझ्याकडे बघून "उशीर केलात" म्हणाली, आणि मूल वर घेऊन गेली. मी तिला कारण सांगितलं नाही. सांगायला तयार केलेली सगळी वाक्यं माझ्याजवळ होती.

बाहेर येऊन बघितलं तर सासूबाई भिंतीलगतच्या लोखंडी बाकावर बसल्या होत्या. पदर पुन्हा डोक्यावर घेतला होता. माझी चाहूल लागली तरी त्यांनी वर बघितलं नाही.

मी विचारलं, "मी दोनदा विचारलं तुम्हाला. का नाही सांगितलंत?"

"फोनवर कसं म्हणू ते कळेना. आणि मग तू जेवत होतीस गं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून उपाशी. असला शब्द ऐकून अर्ध्या पानावरनं उठली असतीस. म्हटलं, दोन घास जाऊदेत पोटात, मग सांगते."

माझा राग होता तेवढाच होता, एक तसूभर कमी झाला नव्हता. आणि माझ्या पोटात त्यांनी वाढलेला भात होता. मी त्यांच्या शेजारी बसले.